कोऱ्या जागांचं काय करायचं?

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. वर्गाच्या भिंतीवर कागदाचा लांब पट्टा लावून मुलांकडून कालरेषा करून घेते आहे. शेवटच्या दोनशे वर्षांत इतकी दाटी झाली आहे की नवी चिठ्ठी लावायला जागा नाही, आणि त्याआधीची शतकंच्या शतकं ओस पडली आहेत. मुलं म्हणतात, मधला रिकामा कागद कापून टाकू या. शिवाय ज्यांच्या जन्ममृत्यूची सालं नक्की नाहीत अशा माणसांना कुठे बसवायचं? इतिहास रेघेवरच मांडायला हवा का?

उत्तर : कागद कापू नका, ही माझी पहिली विनंती. तुमच्या भिंतीवर शिकवण्यासारखं सगळ्यात जास्त त्या ओस भागातच आहे.

कालरेषा आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी कधीतरी घडवली असेल, हे मनात येत नाही. युरोपात त्याआधी शेकडो वर्षं इतिहास तक्त्यांत मांडला जाई. एकेका राज्याचा एकेक उभा रकाना आणि शेजारी सालं. चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती धर्मगुरूच्या कालगणनेची मांडणी अशीच रकान्यांची होती. तक्त्यात मजकूर असेल तिथे जागा मिळते, नसेल तिथे डोळा पुढे सरकतो. मधे किती काळ गेला ते आकडा वाचून कळतं, पण दिसत नाही.

१७५३ साली झाक बार्ब्यू-द्युबूर या फ्रेंच वैद्याने हट्टाने ठरवलं की प्रत्येक वर्षाला सारखीच जागा द्यायची, मग त्यात काही घडलेलं असो वा नसो. जगाच्या उत्पत्तीपासून स्वतःच्या काळापर्यंतचा त्याचा तक्ता ५४ फूट लांब झाला. तो पेटीत दोन रुळांवर गुंडाळून, मुठी फिरवत वाचायचा. तुमच्या मुलांना हे जरूर सांगा. त्यांची जी अडचण आहे तीच त्याचीही होती, आणि त्याने कागद कापला नाही.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर एका शिक्षकाकडेच आहे. जोसेफ प्रीस्टलीला आपण ऑक्सिजनमुळे ओळखतो, पण त्याआधी तो इतिहास शिकवत असे. १७६५ साली त्याने सुमारे दोन हजार नामवंतांचा ‘चरित्रांचा तक्ता’ छापला. तीन फूट रुंद, दोन फूट उंच, इसवी सनापूर्वी १२०० पासून इसवी सन १८०० पर्यंत. प्रत्येक आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ, आणि जितकी वर्षं माणूस जगला तितकी तिची लांबी. साल पक्कं असेल तर रेघ अखंड. पक्कं नसेल तर त्या टोकाला ठिपके. इतकी साधी खूण आणि इतकी प्रामाणिक! आपण ‘सुमारे’ असं लिहून मोकळे होतो आणि चिठ्ठी मात्र एका ठरावीक जागी चिकटवतो, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याला खात्रीच दिसते. ठिपके असले की शंका डोळ्यालाच दिसते. तुमच्या पट्ट्यावर हेच करा. अनिश्चित माणसाला चिठ्ठी देऊ नका, रेघ द्या आणि तिची टोकं ठिपक्यांत विरू द्या.

प्रीस्टलीने माणसांचे सहा आडवे पट्टे केले होते, राज्यकर्ते आणि योद्धे सगळ्यांत खाली. त्या वर्गवारीबद्दल भांडता येईल. मला मात्र त्या तक्त्यासोबतच्या पुस्तिकेतलं त्याचं एक निरीक्षण फार मोलाचं वाटतं. विद्वानांचे घोळके आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा पाहिल्या की विद्यांची भरती-ओहोटी समजते, असं तो म्हणतो. म्हणजे मोकळी जागा त्याच्या लेखी तक्त्यातला मजकूरच होती.

म्हणून मुलांना पट्ट्याच्या ओस भागापुढे उभं करून विचारा, ही जागा रिकामी का आहे? तिथे काही घडलं नाही म्हणून? घडलं, पण कुणी लिहिलं नाही म्हणून? लिहिलं, पण ते टिकलं नाही म्हणून? की सगळं उपलब्ध आहे, फक्त आपल्या पाठ्यपुस्तकात आलं नाही? ही चार वेगवेगळी रिकामेपणं आहेत. प्रत्येकाला एक फिका रंग ठरवा आणि मुलांना शोधून रंगवू द्या. चौथा रंग सगळ्यात जास्त लागेल असा माझा अंदाज आहे, आणि तो लागला की मुलं आपोआप ग्रंथालयाकडे वळतील. दाटीचं म्हणाल, तर मूळ पट्टा ताणू नका. शेवटच्या दोनशे वर्षांचा मोठ्या मापाचा दुसरा पट्टा खाली लावा आणि दोन दोऱ्यांनी दाखवा की हा सगळा पसारा वरच्या पट्ट्यावर केवढ्याशा तुकड्यात मावतो.

इतिहास रेघेवरच हवा, असं मुळीच नाही. उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा आणि त्यांच्या आप्त जमाती वर्ष मोजत ते पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत. प्रत्येक वर्षाला एकच चित्र. त्या वर्षी आठवणीत ठेवण्यासारखं काय होतं ते जाणती मंडळी ठरवत आणि नोंद ठेवणारा ते चित्र काढी. लोन डॉग याच्या नोंदीत १८०० पासून १८७१ पर्यंतची चित्रं बायसनच्या (अमेरिकन गव्याच्या) कातड्यावर मधून बाहेर उलगडत जाणाऱ्या वळशात आहेत. अंगभर लाल ठिपके असलेला माणूस म्हणजे देवीच्या साथीचं वर्ष. १८३३ च्या चित्रात तारे कोसळताहेत. त्या नोव्हेंबरमधला सिंह राशीतल्या उल्कांचा प्रचंड वर्षाव अनेक जमातींच्या नोंदींत सापडतो, आणि त्याच खुणेवरून अभ्यासकांनी वेगवेगळ्या नोंदी एकमेकींशी जुळवल्या. या पद्धतीत ओस जागा उरतच नाही, कारण प्रत्येक वर्षाला एक चित्र मिळतंच. पण एका वर्षाला दुसरं चित्र मात्र मिळत नाही. तुमच्या वर्गाने आपल्या शाळेची अशी चित्रनोंद करून पाहावी. कोणतं एक चित्र निवडायचं यावर जो वाद होईल, तो इतिहासाचा उत्तम तास ठरेल.

आणखी एक नमुना मुलांना दाखवाच. शार्ल जोझेफ मिनार या फ्रेंच स्थापत्य अभियंत्याने १८६९ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचं चित्र काढलं. सैन्य म्हणजे एक पट्टा, एक मिलिमीटर जाडी म्हणजे दहा हजार माणसं. रशियाच्या सरहद्दीवरची नेमान नदी ओलांडताना ४,२२,०००. मॉस्कोला १,००,०००. परतीचा काळा पट्टा बारीक होत होत शेवटी १०,००० वर येतो, आणि त्याच्या खाली परतीच्या वाटेवरचं तापमान. रशियन थंडीने सैन्य खाल्लं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण चित्राकडे शांतपणे पाहा. थंडीची रेघ सुरू होण्याआधीच पट्टा चौथ्या हिश्श्याच्याही आत आलेला आहे. काही तुकड्या वाटेत वेगळ्या काढल्या होत्या, त्या फांद्यांसारख्या फुटलेल्या दिसतात, पण त्या वजा केल्या तरी जातानाची हानीच मोठी ठरते. आणि मग मुलांना विचारा, चित्रात कोण नाही? रशियन सैन्य नाही. ज्यांच्या गावांतून हा पट्टा गेला ते लोक नाहीत. मिनारने फ्रेंच सैन्याच्या हानीचंच चित्र काढायचं ठरवलं होतं आणि मथळ्यात तसं स्पष्ट लिहिलं, म्हणून त्याला दोष देता येत नाही. बघणाऱ्याने मात्र विचारायला हवं.

प्रश्न : लंडनमधली कॉलऱ्याची साथ डॉक्टर जॉन स्नोने नकाशा काढून थांबवली असं वाचलं. मृत्यूंच्या खुणा पाण्याच्या एका पंपाभोवती दाटल्या होत्या म्हणे. पण दाट वस्तीत मृत्यूही दाटच असणार ना? मग नकाशाने सिद्ध काय झालं?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. आधी क्रम नीट लावू. १८५४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सोहो भागात साथ भडकली. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं मानणाऱ्या स्नोने घरोघरी चौकशी केली, स्थानिक समितीला पटवलं आणि ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढला गेला. तोवर लोक घरं सोडून गेले होते आणि साथ उतरणीलाही लागली होती. नकाशा त्यानंतरचा. त्याने साथ थांबवली नाही, पण युक्तिवाद मात्र असा मांडला की आजही तो घेऊन बसावंसं वाटतं.

प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घराशी एक आडवी काळी चीर, जास्त मृत्यू असतील तिथे चिरांची थप्पी. तुम्ही म्हणता तसं, नुसत्या दाटीवरून काहीच सिद्ध होत नाही. पण त्या दाटीत ज्या कोऱ्या जागा आहेत त्या पाहा. पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठीचं वर्कहाउस होतं. चहूबाजूंच्या घरांत मृत्यू झालेले, आणि आतल्या ५३५ माणसांपैकी दगावले फक्त पाच. त्यांच्या आवारात स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच मद्याच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते, त्यांतला एकही कॉलऱ्याने गेला नाही. ते पंपाचं पाणी पीतच नसत. दूषित हवेने रोग होतो असं मानणाऱ्यांना या दोन जागांचं उत्तर देता येत नव्हतं, कारण हवा तर तिथेही तीच होती.

आणि सगळ्यात वजनदार पुरावा नकाशाच्या चौकटीतच नाही. दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई दगावली. त्या भागात साथ नव्हती. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटजवळ राहत असे आणि तिथल्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून तिच्यासाठी रोज गाडीतून बाटलीभर पाणी जाई. हा धागा स्नोला माणसांशी बोलून मिळाला. नुसता नकाशा न्याहाळून तो मिळाला नसता. पुढे १८५५ च्या अहवालासाठी त्याने सुधारलेल्या नकाशात एक ठिपक्यांची रेघ घातली. त्या रेघेच्या आत राहणाऱ्याला, रस्त्याने चालत गेल्यास, ब्रॉड स्ट्रीटचा पंप बाकीच्यांपेक्षा जवळ पडे. सरळ रेषेतलं अंतर त्याने घेतलं नाही, कारण पाणी आणायला जाणारा माणूस भिंतीतून जात नाही. या रेघेसाठी माझा त्याला मनापासून नमस्कार आहे.

प्रश्न : चाळीस वर्षांची वर्तमानपत्री कात्रणं साठवली आहेत. विषयवार लावायला बसलो, तर ‘इतर’ नावाचं खोकंच सगळ्यात मोठं झालं. काय चुकतं आहे?

उत्तर : मी सारी नोकरी ग्रंथालयात वर्गीकरणाच्या टेबलाशी केली, त्यामुळे या खोक्याबद्दल मला फार बोलावंसं वाटतं. ‘इतर’ फुगलं की समजावं, खोकी आपल्या संग्रहाकडे बघून केलेली नाहीत, आधीच मनात तयार होती.

अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूईने १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण आणलं. ज्ञानाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. मांडणी सुटसुटीत होती, म्हणूनच जगभर पसरली. पण धर्माच्या २०० च्या घरात २२० पासून २८० पर्यंत सगळं ख्रिस्ती धर्माला आणि उरलेल्या जगाचे सगळे धर्म मिळून २९०. पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी त्या एका आकड्यामागे दशांशचिन्हाचं शेपूट लांबवत बसलेली पुस्तकं मी हाताळली आहेत. दुसऱ्या टोकाला रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव. १८६९ च्या आवर्तसारणीत जिथे क्रम जुळेना तिथे त्याने ओळखीचं मूलद्रव्य ओढूनताणून बसवलं नाही. सारणीतच घर रिकामं ठेवलं आणि तिथे येणाऱ्याचे गुणधर्म सांगून टाकले. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं. शोधकाने घनता ४.७ मोजली. मेंडेलेयेव म्हणाला, ५.९ च्या आसपास यायला हवी, पुन्हा मोजा. शुद्ध नमुना घेऊन पुन्हा मोजली तर ५.९ भरली.

तुमच्या कामाला मात्र शियाली रामामृत रंगनाथन जास्त उपयोगी पडतील. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, अभ्यासासाठी लंडनला गेले आणि तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं. तेच ते मोजके तुकडे जोडून दर वेळी नवी वस्तू. पुस्तकाला आधीच ठरलेल्या खोक्यात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू सांगावेत आणि ते जोडावेत, या विचारातून १९३३ मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण आलं. पुढे पैलू पाच ठरले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल. सोप्या भाषेत, मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, तिचं काय झालं, कुठे आणि कधी.

तेव्हा कात्रणं विषयवार लावूच नका. आलेल्या क्रमाने नंबर टाका आणि त्याच क्रमाने ठेवा. विषय चिठ्ठ्यांवर जाऊ द्या. प्रत्येक पैलूची एक चिठ्ठी, तिच्यावर कात्रणांचे नंबर. पुराचं एक कात्रण नदीच्या चिठ्ठीवर असेल, गावाच्या असेल, सालाच्याही असेल. संगणक वापरत असाल तर हेच काम चार रकान्यांच्या तक्त्यात होईल. सुरुवात ‘इतर’ च्या खोक्यापासून करा. त्यात तुमची खरी आवड सापडण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : अंतरं चुकीची असलेल्या रेल्वेच्या आकृतीला नकाशा म्हणावं का?

उत्तर : बेलाशक म्हणावं. लंडनच्या भुयारी रेल्वेची आकृती हॅरी बेकने १९३१ मध्ये काढली. तो तिथे तांत्रिक आराखडे काढणारा होता. पहिल्यांदा ती नाकारली गेली, १९३३ मध्ये छापली आणि प्रवाशांनी उचलून धरली. गाडीतल्या माणसाला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं. रेघा उभ्या, आडव्या नाहीतर ४५ अंशांत तिरक्या, आणि जमिनीवरचं एकच काय ते ठेवलं, थेम्स नदी. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरचे नावाडी नारळाच्या पात्यांच्या शिरा बांधून नकाशे करत. वाकलेल्या काड्या म्हणजे बेटांमुळे वळणाऱ्या लाटा, शंख-शिंपले म्हणजे बेटं. तो नकाशा होडीत नेत नसत. किनाऱ्यावर पाठ करायचा आणि समुद्रात लाटा अंगाने ओळखायच्या. त्यातही अंतरं मापाने नसत, तरी लोक पोहोचत होते.