सोमवार ते शुक्रवारचं काय?

‘तक्रार करायला जागा नाही, हीच माझी तक्रार आहे,’ असं एका ताईंनी लिहिलंय. पत्र मोठं आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. दोघांच्या चांगल्या नोकऱ्या, स्वतःचं घर, मुलगी हायस्कूलमध्ये, मुलगा तिच्याहून बराच लहान. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि सासू-सुनेचं जमतंही छान. राहतात दूर उत्तरेकडे, जिथे हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. पुढचं त्यांच्याच शब्दांत: ‘रात्री अंथरुणावर पडल्यावर आज काय झालं ते आठवायला जाते तर काही आठवतच नाही. शनिवारची वाट बघते. शनिवार आला की मुलांचे क्लास, आठवड्याचं सामान आणि कुणाचा तरी वाढदिवस. लग्नाआधी मी पेटी वाजवायचे. हौसेने विमानातून इथे आणली, ती अजून पलंगाखाली आहे. हँडलला विमान कंपनीचा टॅगसुद्धा तसाच आहे. मी कृतघ्न झालेय का?’

नाही हो ताई. कृतघ्न माणूस असा प्रश्न विचारायच्या भानगडीत पडत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात शनिवार पुन्हा पुन्हा येतो, मंगळवार मात्र एकदाही येत नाही. मला वाटतं, दुखणं तिथेच आहे.

परदेशात संसार मांडणाऱ्या बहुतेकांची सुरुवात ‘आत्ता सोसू, पुढे बघू’ अशीच होते. सुरुवातीच्या वर्षांत दुसरा मार्गही नसतो. पण मग तीच सवय अंगवळणी पडते. आधी व्हिसा, मग कायमचं राहण्याची परवानगी, मग घर, मग घराचे हप्ते, मग मुलांची कॉलेजं. सुखाची आपण मुदत ठेव करतो आणि मुदत संपली की आपणच नूतनीकरणाच्या अर्जावर सही करतो. वर्षा-दोन वर्षांनी भारतात जायचं, त्यातले निम्मे दिवस बँकेत आणि दाताच्या डॉक्टरकडे जातात. बाकी वर्षभर आठवड्याचे पाच दिवस नुसते ढकलायचे. सातांतले पाच! हा हिशेब आपल्यासारख्या हिशेबी लोकांनी कसा काय चालवून घेतला, कोण जाणे.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, बाकी सगळे त्याचे फाटे. सुट्टीत आणखी काही कोंबू नका. आठवड्यातल्या साध्या दिवसाला काहीतरी द्या.

काय द्यायचं, हे ठरवण्याआधी एक गृहपाठ. 2004 साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना त्यांनी कालच्या दिवसाचे प्रसंगवार तुकडे पाडायला सांगितले: अमुक वेळ गाडीत, अमुक वेळ स्वयंपाकात, सोबत कोण होतं, तेव्हा मनात काय होतं. मित्रमंडळींत आणि नातेवाइकांत गेलेला वेळ, निवांत बसणं, जेवण हे वरच्या पट्टीत आलं. ऑफिसचं काम आणि प्रवास तळाला. आणि आयांनो, हे नीट वाचा: मुलांचं करणं स्वयंपाकाच्याही खाली, घरकामाच्या जेमतेम वर होतं. त्या बायकांचं मुलांवर प्रेम नव्हतं असं थोडंच आहे! बूट घाल, दप्तर कुठंय, बस चुकेल, या आरडाओरड्यात कुणाला आनंद होणार? तेव्हा ‘मुलांबरोबर असतानाही मला मजा का येत नाही’ ही टोचणी असेल तर ती आजच काढून टाका.

तुम्हीही हे एकदाच करून बघा, एका कागदावर, एका दिवसापुरतं. वही घालू नका, ॲप तर मुळीच नको. कालच्या दिवसात घाई नव्हती असा तुकडा कुठे होता, एवढंच शोधा. सापडला तर तो जपायचा. नाही सापडला तर एक तयार करायचा.

आता ती पेटी. टॅग कापा, पेटी बाहेर काढा आणि बैठकीत ठेवा. बंद खोक्यातली गोष्ट बाहेर काढायला जेवढी उस्तवार लागते, तेवढी शक्ती संध्याकाळी सात वाजता कुणातच नसते. उघड्यावर ठेवलेल्या पेटीशी जाता-येता दोन मिनिटं बसता येतं. इतक्या वर्षांनी भाता सैल झाला असेल, एखादा सूर बोलणार नाही, बोटं अडखळतील. अडखळू देत. मात्र एक पथ्य पाळा: हे कुणाला सांगू नका. आपल्या माणसांना कळलं की ‘अगं वा, मग या वर्षी कार्यक्रमात वाजव ना’ सुरू होतं. मग तालीम, मग ड्रेसकोड, मग व्हॉट्सॲप ग्रुप. आनंदाचा कार्यक्रम करून टाकण्यात आपला हात कुणी धरणार नाही. काही गोष्टी वाईट वाजवायच्या, स्वतःपुरत्या, आणि झाकून ठेवायच्या.

अंधाराबद्दलही लिहायला हवं, कारण बऱ्याच जणी त्याला ‘मूड’ म्हणून सोडून देतात. डिसेंबरच्या शेवटी लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही भरत नाही, आणखी वर गेलात तर त्याहून कमी. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 सालीच केलंय, तेव्हा ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. घरातले सगळे दिवे लावले तरी उजेड काहीशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घरात राहतो. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी दुपारी त्याच्या कितीतरी पट मिळतो. तर जेवणाच्या सुट्टीत कोट घाला आणि वीस मिनिटं बाहेर जा, रिपरिप असली तरी. ऑफिसातून थेट गाडीत आणि गाडीतून थेट गॅरेजमध्ये, असं असलं तर आठवडाभर सूर्याचं दर्शन होत नाही. उपचारासाठीचे 10,000 लक्सचे दिवेही मिळतात, सकाळी साधारण अर्धा तास समोर ठेवून बसायचं. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलरचा (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं, तो आजार) त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आई-बाबांना रोज फोन करता, असं लिहिलंय. कसा करता तेही लिहिलंय: कानात इअरफोन, हात सिंकमध्ये. न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे आठ म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेसहा. बहुतेकांचा फोन त्या गडबडीतच होतो. त्यातून ना धड बोलणं होतं ना धड काम. तिकडे आईला नळाचाच आवाज ऐकू येत असणार. रोजचा फोन हा धर्म नाही. एक दिवसाआड करा, पण बसून करा. मधल्या दिवशी एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा. आई तो चार वेळा ऐकेल, फोनपेक्षा जास्त वेळ तुम्ही तिच्याजवळ राहाल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, आणि ते तुमच्याबद्दल नाहीच: ‘सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहतात आणि विचारतात, मी काय करू? मी म्हणते, काही नको, तुम्ही आराम करा.’ हे तुम्ही मायेने म्हणता, मान्य. पण ज्या बाईने चाळीस-पन्नास वर्षं घर चालवलं, तिला आपण एका सोफ्यावर बसवतो, हातात रिमोट देतो आणि वर म्हणतो, मज्जा करा. बाहेरचा पत्ता ठाऊक नाही, गाडी चालवता येत नाही, शेजारणीची भाषा येत नाही. त्यांचेही सोमवार ते शुक्रवार आहेतच ना? आणि ते तुमच्यापेक्षा लांब आहेत.

मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात केलेला एक प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीत काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा तेही ठरवा, आणि हे रोप हवं असेल तर निवडा, सांभाळायचं तुम्ही. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार, काळजी आम्ही घेणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि समाधानी दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत बांधायला नको. पण घरात म्हातारं माणूस असलेल्या कुणालाही त्यातलं मर्म पटेल.

म्हणून ‘मदत’ देऊ नका, एखादं खातं देऊन टाका. दारापुढच्या कुंड्या. किंवा घरातलं सगळं शिवणटिपण. किंवा नातवाला बसथांब्यावरून आणणं, वाट सरळ असली आणि बर्फ नसलं तर. काय जमेल आणि काय आवडेल हे त्यांनाच विचारा. आणि एकदा दिलं की ढवळाढवळ नको. त्यांनी डिशवॉशरमध्ये लावलेली ताटं तुम्ही रात्री गुपचूप पुन्हा लावता ना, पलीकडच्या खोलीत तो किणकिणाट त्यांना ऐकू येत असतो.

इथे उलट टोकाचीही घरं आहेत, त्यांनाही सांगून टाकते. सहा महिने आलेल्या आईला पाळणाघर आणि स्वयंपाकीण दोन्ही करून ठेवायचं आणि वर ‘तिला आवडतं करायला’ म्हणायचं, हे वेगळं. त्या बाईला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का, ते बघा. नसेल, तर ते तिचं खातं नाही, तुमची सोय आहे.

आपल्याला कुणाचा तरी उपयोग होतो आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, यात परदेशी आल्यावर सगळ्यात मोठं भगदाड पडतं. शनिवार-रविवारी जिवाभावाची माणसं भेटतात, पण मंगळवारी तुमचं नाव घेऊन हाक मारणारं घराबाहेर कोण आहे? इथे मैत्रीच लागते असं नाही, तोंडओळखही पुरते. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी कॉफीच्या दुकानात येणाऱ्या काही जणांना सांगितलं, झटपट काम उरका; काहींना सांगितलं, काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसा, दोन शब्द बोला. बोललेली माणसं जास्त प्रसन्न मनाने बाहेर पडली, आणि आपण या गावातले आहोत असंही त्यांना जास्त वाटलं. 2014 सालचा हा अभ्यास. आपण काय करतो? सेल्फ-चेकआउट. पटकन होतं म्हणून आणि खरं सांगायचं तर उच्चाराची लाज वाटते म्हणूनही. आठवड्यातून एकदा तरी माणूस बसलेल्या काउंटरच्या रांगेत उभं राहा. वाचनालयात जात असाल तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. चेहरे ओळखीचे होतात ते त्यानेच. महिन्यातून एखादी संध्याकाळ कुठेतरी स्वयंसेवक म्हणून द्या, लेकीलाही सोबत न्या. तिथे तुम्ही कुणाची आई नाही, कुणाची सून नाही, मॅनेजरही नाही.

जरा गंभीर बोलते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, आवडीचं काहीच आवडेनासं झालं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर पेटी आणि कुंड्यांवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा आणि ‘थकवा आहे’ असं गोल गोल न बोलता जे होतंय ते सांगा. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल तर थांबूच नका, लगेच फोन करा: अमेरिकेत आणि कॅनडात 988, इंग्लंडमध्ये 111. भारतातल्या घरच्यांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न, ‘यांना हे कसं समजावू?’ समजावू नका. हे उत्तरही त्यांच्यापुढे वाचायला ठेवू नका. नवऱ्याला बायकोने पाठवलेले लेख आवडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उद्या रात्री जेवणं झाल्यावर नुसतं म्हणा, ‘चला, एक चक्कर मारून येऊ.’ मुलं घरात आहेत, सासूबाई आहेत, पंधरा मिनिटांत कुणाचं काही अडत नाही. चालताना हप्ते आणि मुलीचे मार्क हे दोन विषय वर्ज्य. पहिले दोन-तीन दिवस बोलायला काही सुचणार नाही, तेव्हा गप्प चाला. फक्त निघताना मशीनमध्ये कपडे टाकून निघू नका, नाहीतर तिची शिट्टी होईल म्हणून अर्ध्यातून परत फिराल.