वाचक विचारतात : बाबांच्या राजदूतला नवीन इंजिन बसवू का?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात बाबांची १९७२ ची राजदूत १७५ मोटरसायकल कित्येक वर्षं धूळ खात पडलीये. किकला कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) लागतंय पण स्टार्ट होत नाही. मेकॅनिक म्हणतो १०० सीसीचं फोर स्ट्रोक बसवू. बसवू का?

उत्तर : नका हो, घाई करू नका! कॉम्प्रेशन आहे म्हणजे इंजिनात जीव आहे. आधी पॉइंट (प्लगला ठिणगी देणारा स्विच) साफ करा, कार्बोरेटर उघडा, आत जुन्या पेट्रोलचा मधासारखा चिकट थर बसलेला असणार, आणि मुख्य म्हणजे क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) दोन्ही ऑइल सील बदलाच, कारण इतकी वर्षं पडून रबर कडक होतं मग तिथून हवा ओढली जाते, मिक्स्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं नि पिस्टन जॅम. माझ्या गाडीचं कात्रज घाटात अगदी हेच झालं होतं, फार वाईट वाटलेलं. सिलेंडरला रेघा पडल्या असतील तर रिबोर करून, म्हणजे सिलेंडर आतून थोडा कोरून, ओव्हरसाइज (थोडा मोठा) पिस्टन टाका. सामान नाना पेठेत बघा, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात.

आणि हो, ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, ती संधी इंजिन बदलून घालवू नका.