पावसाळ्यात राजगडावर काढलेले माझे फोटो पांढरट आणि सपाट येतात, नवीन कॅमेरा घेऊ का?

नका घेऊ. म्हणजे पैसे जास्त झाले असतील तर घ्या बापडे, पण तुम्ही जे लिहिलंय की रविवारी सकाळी पुण्यातून निघालो, साडेअकराला बालेकिल्ल्यावर पोचलो, डोळ्यांना भारी दिसत होतं आणि घरी येऊन बघतो तर सगळं पांढरट, तर यात कॅमेऱ्याचा दोष फार कमी आहे. फोटो कधी काढला आणि फ्रेममध्ये काय काय कोंबलं, गडबड तिथेच आहे.

मी पण सेम हेच केलं होतं. साधा डीएसएलआर, बरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स (१८ ला सगळ्यात जास्त परिसर मावतो, ५५ ला सगळ्यात जास्त झूम), बालेकिल्ल्यावर उभा राहिलो आणि १८ ला लावून जेवढं दिसतंय तेवढं सगळं घेतलं. दीडशेच्या आसपास फोटो, ठेवावा असा एक नाही. समोर एवढा दांडगा दिसणारा तोरणा फोटोत शेंगदाण्याएवढा, वर अर्ध्या फ्रेममध्ये कोरं पांढरं आभाळ.

पावसाळ्याचं सांगायचं तर ते आभाळच खरा शत्रू आहे. ढगामागून उजेड येत असतो त्यामुळे आभाळ खूप उजळ आणि दरी काळोखी, आपला डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो पण कॅमेऱ्याला एकाच एक्सपोजरमध्ये (एका फोटोसाठी आत घेतलेल्या उजेडात) दोन्ही जमत नाही, मग आभाळ फटफटीत होतं नाहीतर झाडी काळी पडते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आभाळ फ्रेममधून काढूनच टाका. खाली बघा, ओला कातळ, तटबंदीवरचं शेवाळ, धुक्यातून अर्धा बाहेर आलेला बुरूज, ढगाळ उजेडात हे सगळं फार सुंदर येतं कारण कडक सावली नसते. आणि शक्य असेल तर खर्च नवीन बॉडीवर न करता एका पोलरायझर फिल्टरवर करा. ओल्या पानांवर आणि दगडावर जी चमक असते ना, ती तो फिरवला की जाते आणि खालचा खरा हिरवा रंग वर येतो, स्वतः करून बघितल्याशिवाय पटत नाही. उजेड मात्र एक-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात हलला की फोटो गेला.

धुक्यात अजून एक गंमत होते, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं समोर खूपच उजेड आहे म्हणून तो फोटो करडा करून ठेवतो. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +०.७ किंवा +१ करायचं. उन्हात चमकणारे ढग असतील तर उलट थोडं मायनस, कारण जळालेलं आभाळ नंतर लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) कितीही डोकं आपटलं तरी परत येत नाही, काळोखी जागा बऱ्यापैकी उजळता येते. (रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढत असाल तर. जेपेगमध्ये काढत असाल तर आजपासून रॉ चालू करा.) मोबाईलवाल्यांनी बोट दाबून धरून फोकस लॉक करायचा आणि शेजारची उजेडाची पट्टी खाली ओढायची, त्याआधी लेन्स पुसायची, निम्म्या मोबाईल फोटोंचा पांढरटपणा नुसता घामाच्या बोटांचा असतो.

आता वेळ. डोंगराला डोंगरपण येतं ते सावलीनं, सोंडा, घळी, धारा, कपारी हे सगळं तिरप्या उन्हात उठून दिसतं आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की पार पुसून जातं. शिवाय लांबच्या डोंगरांवर हवेतली वाफ, धूळ असतेच, एप्रिल-मे मध्ये तर वणव्यांचा धूर पण. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते आणि डिसेंबरात पहाटे थंड हवा खाली साचून दऱ्यांमध्ये धुकं भरतं, मला विचाराल तर तुमचा राजगड तेव्हाचा.

मला हवा होता तसा फोटो मी शेवटी डिसेंबरातच मिळवला. पायथ्याच्या गुंजवणे गावात मुक्काम केला, साडेतीनला टॉर्च लावून निघालो, साडेसहाला बालेकिल्ल्यावर, सूर्य सातच्या सुमाराला येतो त्या दिवसांत. सुवेळा माची पूर्वेला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही, आपल्याकडे जूनमध्ये तो साधारण २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला, म्हणजे त्याच जागेवरून त्याच माचीवर ऊन वेगळ्या बाजूनं पडतं. दिशा दाखवणारी अ‍ॅप आहेत, फोटोपिल्स वगैरे, जायच्या आधी घरीच बघून ठेवा. त्या दिवशी १८ ला हातच लावला नाही, ५५ वर ठेवून नुसती माचीची धार आणि मागच्या डोंगरांच्या दोन-तीन रांगा घेतल्या. झूम केलं की लांबच्या रांगा जवळ आल्यासारख्या एकावर एक दिसतात आणि मघाशी शिव्या दिलेली तीच धूसर हवा इथे कामाला येते, कारण प्रत्येक रांग मागचीपेक्षा थोडी गडद. ते ऊन दहाच मिनिटं टिकलं. बरोबरचे लोक तोवर पोह्यांच्या गप्पा मारत होते.

१८ वापरायचंच असेल तर पायाजवळ काहीतरी पाहिजे, एखादा दगड, गवताचा झुपका, तटाची वळत जाणारी भिंत, आणि त्यासाठी खाली बसायला लागतं. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ ते ११, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. एफ २२ करू नका, सगळं शार्प होईल असं वाटतं पण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो) उलट मऊ पडतं.

आणि पावसाळा झाला की कॅमेरा बॅगेत कोंबून कपाटात टाकू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, माझ्या एका लेन्समध्ये बुरशीची जाळी झाली ती याच आळसामुळे. ट्रायपॉड सॅकला बांधा. चोर दरवाज्याच्या खालचा कातळ ओला असतो आणि तिथे दोन्ही हात लागतात, मी एकदा तो हातात धरून चढत होतो, मला काही झालं नाही पण ट्रायपॉडचा एक पाय अजून वाकडा आहे.