नाशिकला एका दुचाकी शोरूमच्या अकाउंट्समध्ये आहे. साडेनऊ ते रात्री नऊ काम, ओव्हरटाइम शून्य, सोडायचं म्हटलं तर धमकी. काय करता येईल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पगार 22 हजार. महिन्यातले दोन रविवार स्टॉक टॅलीत जातात. मार्च एंडला साडेदहा वाजतात. आणि सोडते म्हटल्यावर 'तीन महिन्यांची नोटीस द्या, नाहीतर रिलीव्हिंग लेटर विसरा', वर डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात.

मी कामगार कायद्याच्या एका सल्लागाराकडे काम करतो. पगारपत्रकं, पीएफ, मस्टर म्हणजे हजेरीपट, रिटर्न्स. आमचे अशील मालकच, म्हणजे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. तिथून एक गोष्ट स्पष्ट दिसते: कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तुम्ही केलेले जादा तास कुठल्याच कागदावर नाहीत. भांडण त्यानंतरचं. आधी ते तास कागदावर आणा.

मस्टर कसं तयार होतं ते सांगतो. महिनाअखेरीला एक पोरगा एकच पेन घेऊन बसतो आणि सगळ्यांच्या नावापुढे आत 9:30, बाहेर 6:30 असं पानभर उतरवतो. जेवणाची सुट्टी सगळ्यांची एक ते दीड. खरा माणूस कधी 9:27 ला येतो, कधी पावसात अडकून 9:50 ला. पण या मस्टरमध्ये जुलै महिन्यातसुद्धा कुणाला एक मिनिट उशीर झालेला नसतो. सह्या तुमच्याच असतात, कारण पगाराच्या दिवशी घाईत 'इथे करा' म्हणून करून घेतात. तुम्हीही केल्या असतील. यापुढे सही करताना वेळ वाचा, आणि चुकीची असेल तर त्याच दिवशी साध्या भाषेत मेल टाका: 'आज सही 6:30 ची आहे, मी 9 वाजता निघाले.' उत्तर येणार नाही, पण तारखेसह पुरावा राहील. रात्री आठनंतर पाठवलेले मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं 'उद्या संडेला दहाला या', हे सगळं स्वतःच्या फोनवर जपून ठेवा. कंपनीचा डेटा मात्र घरी नेऊ नका, नाहीतर उलटी तक्रार तुमच्यावरच येईल.

आता हिशेब. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा आहे आणि 10 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर तो पूर्ण लागू व्हायचा. त्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, त्यावरच्या कामाला दुप्पट दर आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त 125 तास ओव्हरटाइम असं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी दिवसाचे 10 तास आणि तिमाहीचे 144 तास करायला मंजुरी दिली. मालकांनी त्यातले 10 तास तेवढे लक्षात ठेवले, दुप्पट दर विसरले.

तुमचे साडेअकरा तास, त्यातून अर्धा तास जेवण वजा. राहिले 11, आठवड्याला 66. म्हणजे 18 तास जादा, तेही रविवार न धरता. तिमाहीत 234 होतात. 125 सोडा, 144 मध्येही बसत नाहीत. 26 दिवस आणि 8 तासांनी भागलं तर तुमचा तासाचा दर 106 च्या आसपास, दुप्पट 212. आठवड्याचे सुमारे 3,800 आणि महिन्याचे 15 हजारांवर. एवढी रक्कम दर महिन्याला तुम्ही शेठना बिनव्याजी, बिनपरतीची देताय.

मार्चमधल्या साडेदहाचा मुद्दा वेगळा आहे. रात्री साडेनऊनंतर महिलेला थांबवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. 'वडील येतात ना न्यायला' ही सोय धरत नाहीत. रविवारी बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत मिळायला हवी. (रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 पासून मिळाली, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून मागत होते तेव्हा. तुमचे साहेब अजून त्याच्या आधीच्या काळात दिसतात.)

एक पळवाट आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्या कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' लिहिलंय म्हणालात. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय कामाच्या पदांना हा कायदा लागत नाही. म्हणूनच पगारवाढीऐवजी हुद्दा वाटतात! पण अशा पदांची यादी वेबसाइटवर किंवा दर्शनी भागात लावावी लागते. ती तिथे आहे का ते बघा, नसेल तर भिंतीचा फोटो काढा. आणि वाद झालाच तर पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम बघितलं जातं. तुमच्या हाताखाली कुणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर टॅलीत एंट्र्या. मग मॅनेजर कसल्या?

नोटीस पिरियडला घाबरू नका. तुमच्याकडून जबरदस्तीने नोकरी कुठलंही कोर्ट करून घेत नाही. फार तर अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलं असेल तेवढा नोटीस पे, म्हणजे नोटीसच्या दिवसांचा पगार, मागतील. ते लेटर आधी नीट वाचा, बऱ्याचदा त्यात एकच महिना असतो आणि तीन महिने तोंडी असतात. सर्टिफिकेट मात्र राजीनाम्याच्या आधी मागा, 'बँकेच्या कर्जासाठी मूळ प्रत हवी' एवढंच मेलवर लिहून. भांडणाच्या आधी कपाट उघडतं, नंतर किल्ली हरवते.

तक्रार जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे करायची, दोन प्रती घेऊन, एकीवर पोच शिक्का घ्यायचा. नोकरीत असताना करायची की सोडल्यावर? मी सोडल्यावर म्हणेन. घरात तुमच्याच पगारावर हप्ते असतील तर शूरपणा परवडत नाही, आणि कुणी तो करायला सांगितला तर त्याला हप्ता भरायला सांगा. सहकारी सोबत असतील तर गोष्ट वेगळी. चौघांच्या सह्यांचा अर्ज आला की आमच्याकडे मालकाचा फोन त्याच संध्याकाळी येतो, 'काहीतरी मिटवा' म्हणून.

तोवर दुसरीकडे अर्ज करत राहा. पीएफचं पासबुक उघडून दर महिन्याचा भरणा झालाय का आणि किती मूळ पगारावर झालाय ते पाहून घ्या, तिथेही काही सापडायची शक्यता बरीच आहे. आणि शिल्लक रजा मेलवर विचारून आकडा लेखी घ्या, फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या वेळी पहिला गोंधळ त्याच आकड्यात होतो.