पहिल्यांदाच ब्लॅक कॉमेडी, म्हणजे मरणासारख्या गंभीर विषयावर हसवणारं नाटक, बघायला जाताय?

पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचसारख्या छोट्या जागी प्रयोग असेल, तर वेळेआधी पोहोचा. इथे नट अगदी जवळ असतो. वेफरच्या पुडीचा आवाज त्यालाही ऐकू जातो. मोबाइल सायलेंटवर नको, बंदच करा.

आता हसण्याबद्दल, कारण नवीन माणूस तिथेच अडतो. सतीश आळेकरांचं १९७४ सालचं 'महानिर्वाण' हे नाटक घ्या. भाऊराव मेलेत आणि कीर्तनाच्या ढंगात स्वतःच आपल्या मरणाचं आख्यान लावतायत. हट्ट एकच, जुन्याच स्मशानात जाळा. प्रेताशेजारी हसू आलं तर दाबू नका. छोट्या जागेत प्रेक्षक अवघडून बसले की नटांची लयही अडखळते. मात्र शेजारचा गप्प असेल तर त्याला कोपरानं ढोसू नका, त्याला घरातलंच कुणी आठवत असेल. संहिता आधी वाचलीत तरी काही बिघडत नाही, खरी मजा अभंग-ओव्यांच्या चालीत आहे आणि ती कानांनीच कळते.

लहान मुलांना पहिल्या खेपेला नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रयोगानंतर मात्र थोडं रेंगाळा. अशा ठिकाणी नट बाहेर सहज भेटतात; काय आवडलं ते सांगा आणि खटकलं तेही मोकळेपणानं विचारा.