वाचकांचे प्रश्न : कार्यालयाची इमारत आणि उद्याचा भाडेकरू

प्रश्न : कोल्हापूरच्या ताराबाई पार्कात आमचा वडिलोपार्जित बंगला आहे. तो उतरवून खाली वाहनतळ आणि वर चार मजले केवळ कार्यालयांसाठी बांधावेत, असे आम्हा दोघा भावांचे ठरत आले आहे. आमच्या आर्किटेक्टनी प्रत्येक मजल्यावर आठ लहान गाळे आणि रस्त्याकडील पश्चिम बाजूस पूर्ण काच असा नकाशा दिला आहे. मात्र माझा मुलगा पुण्यातील कंपनीचे काम घरूनच करतो. अशा काळात कार्यालये घेणार कोण, आणि इमारत पर्यावरणपूरक करायची तर खर्च नेमका कोठे करावा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, मात्र तिचे उत्तर कार्यालये न बांधणे हे नसून, कोणत्याही एका भाडेकरूला डोळ्यांसमोर ठेवून न बांधणे हे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले, त्यामुळे वकिलांना जागा लागणारच. सनदी लेखापाल, दवाखाने, शिकवण्या, कागल आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची शहरातील कार्यालये, पुण्याच्या कंपन्यांच्या लहान शाखा, अशी मागणी राहील. यांपैकी कोण किती वर्षे राहील आणि त्याच्या आठ कर्मचाऱ्यांचे तीस किंवा तीन केव्हा होतील, हे आज कोणीही सांगू शकत नाही. आठ गाळ्यांचा नकाशा ते सांगता येते असे गृहीत धरतो, ही त्याची खरी उणीव आहे.

इमारतीचे सर्व भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत. आरसीसीचा सांगाडा नीट बांधला आणि राखला तर दोन पिढ्या टिकतो, पाण्याचे नळ व विजेच्या तारा पंधरा-वीस वर्षांत बदलाव्या लागतात, तर पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग प्रत्येक नवा भाडेकरू बदलतो. म्हणून लवकर बदलणारी वस्तू दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूत गाडू नये, हे पथ्य प्रथम पाळावे. वायरिंग भिंतीत बुजवण्याऐवजी कडेने उघड्या ट्रेमधून न्यावे. जलवाहिन्या माणूस आत शिरून दुरुस्ती करू शकेल अशा एकाच डक्टमध्ये घ्याव्यात. आणि गाळ्यांमधील विटांच्या भिंती नकाशातून काढून टाकाव्यात. मजला मोकळा ठेवून, गरजेप्रमाणे एक, दोन किंवा चार भाग पाडता येतील अशा बेताने प्रवेशद्वारे, वीजमीटर आणि नळजोडाच्या जागा आधीच ठरवून ठेवल्या, तर पार्टिशन स्क्रू काढून हलवता येते, आणि दर वेळी ट्रॉलीभर राडारोडा निघत नाही.

सांगाड्यात मात्र हात आखडू नये. कॉलममध्ये सुमारे आठ मीटर अंतर ठेवले तर खाली अडीच मीटर रुंदीच्या तीन गाड्या नीट बसतात आणि वरचा मजलाही अडखळत नाही. सर्वांत महत्त्वाची आहे ती उंची. आपल्याकडे स्लॅब ते स्लॅब तीन मीटर ठेवण्याची सवय घरबांधणीतून आली आहे; कार्यालयासाठी किमान ३.६ मीटर ठेवावी, कारण बीम आणि वातानुकूलनाचे पाइप वजा जाता छताचा पंखा टांगता येईल एवढी जागा उरायला हवी. खिडकीचा माथाही त्यामुळे वर जातो, आणि दिवसाचा उपयुक्त उजेड साधारणपणे खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत पोहोचतो. माथा २.७ मीटरवर असेल तर सहा मीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना खिडक्या असलेला बारा मीटर खोलीचा मजला दिवसा फारसे दिवे न लावता चालतो. त्याहून खोल मजल्याला मधोमध चौक हवा, जो कोल्हापूरच्या वाड्यांना नवीन नाही.

आरसीसी कन्सल्टंटना एक गोष्ट मुद्दाम विचारावी. इमारतींवरील भारांविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार कागदपत्रांसाठी स्वतंत्र खोली असलेल्या कार्यालयाला दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन (सुमारे अडीचशे किलो वजनाइतका) भार धरतात, तशी खोली नसेल तर ४. वकील आणि लेखापाल यांची कपाटे पाहता सर्वत्र ४ धरणेच शहाणपणाचे. थोडे जास्त लोखंड लागेल, परंतु नंतर स्लॅबला बळकटी देण्याच्या मानाने ते स्वस्तच पडते.

पश्चिमेची काच मला मुळीच पटत नाही. उतरते ऊन जवळजवळ आडवे आत येते, त्याला छज्जा अडवू शकत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर पावसाचा माराही बहुतांशी याच बाजूने होतो. न उघडणारी काच लावली की बाराही महिने वातानुकूलन चालू ठेवणे भाग पडते, वास्तविक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरील या गावात वर्षाचा बराच काळ उघडी खिडकी आणि पंखा यांवर निभावते. जिना, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे पश्चिमेला ढकलावीत, उरलेल्या दर्शनी भागाला दीड मीटरची गॅलरी आणि उभ्या पट्ट्यांची जाळी द्यावी. कामाच्या खिडक्या उत्तर-दक्षिण असाव्यात. उत्तरेला ऊन येत नाही हे पुस्तकी विधान येथे पुरते खरे नाही : मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत भर दुपारचा सूर्य कोल्हापूरच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून तेथेही आखूड छज्जा हवा.

पर्यावरणपूरकतेविषयी बोलताना सौर पॅनेल प्रथम आठवतात. ते अवश्य बसवावेत. परंतु सिमेंट तयार होताना चुनखडी भाजली जाते तेव्हा इंधनाच्या धुराखेरीज खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि म्हणून पंचवीस वर्षांत पाडावी लागणारी इमारत छतावर कितीही पॅनेल असली तरी पर्यावरणाला महागच पडते. याच न्यायाने बंगला जेसीबीने पाडू नये. सागवानी चौकटी, काळा दगड, शहाबादी फरशी मोजून उतरवून घ्यावी. ती याच इमारतीत वापरता येईल. आणि बंगल्याच्या भिंती व छप्पर भक्कम असतील तर आधी त्यालाच एखादे कार्यालय मिळते का, हेही पाहावे.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातील आमच्या फर्मचे चाळीस कर्मचारी आहेत, रोज सरासरी वीस येतात. दोनपैकी एक मजला सोडून द्यावा काय?

उत्तर : सरासरीवर विसंबू नये. महिनाभर रोजची हजेरी वारानुसार मांडा; सोमवारी बत्तीस आणि शनिवारी आठ असा प्रकार बहुधा दिसेल. सर्वाधिक गर्दीचा वार हलवता येत असेल तरच मजला सोडावा. प्रत्येकाचे ठरलेले टेबल ही पद्धत बंद करणार असाल तर प्रत्येकाला कुलूपबंद कप्पा आणि फोनवर बोलण्यासाठी दोन-तीन बंद खोल्या द्याव्यात, कारण उघड्या हॉलमध्ये एकाची व्हिडिओ बैठक ही शेजारच्या चौघांची डोकेदुखी असते.

प्रश्न : शाहूपुरीत पुराचे पाणी येते. तेथे तळघर घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. जलसंपदा विभागाची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आपला भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे हे महापालिकेत पाहून मगच आर्किटेक्टकडे जावे. वाहनतळ स्टिल्टवर, म्हणजे खांबांमधील मोकळ्या तळमजल्यावर ठेवावा, तर मीटर पॅनेल, जनरेटर आणि लिफ्टचे यंत्र २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणांपैकी जी उंच असेल तिच्या वर न्यावे. पाण्याची टाकी जमिनीखाली असेल तर तिचे झाकणही त्याच पातळीच्या वर उचलावे, नाहीतर पूर ओसरल्यावर पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा उभा राहतो.