भोपळ्याच्या पानावर दोन ओळी लिही

डॅलसहून एका आईचं पत्र आलंय. विषय हॅलोवीनचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या सणाचा. त्यात पाच प्रश्न आहेत. मी एकावरच पोटभर बोलणार आहे, बाकीचे चार दोन-दोन ओळींत उरकतील.

ती लिहिते, "लेक नऊ वर्षांची आहे. तिच्या तीन हॅलोवीनच्या फोटोंची चिकटवही करायला घेतली. ऐंशी डॉलरचे स्टिकर, छापील भोपळे, चमकीची अक्षरं आणली. पानं सुबक झालीत, पण ती आमच्या घरची वाटतच नाहीत. दुकानात नमुना म्हणून ठेवतात तशी दिसतात. माझं कुठे चुकतंय?"

अगं, उत्तर तूच पाठवलेल्या फोटोत आहे. पाच पानं मी मोठी करकरून पाहिली. कोळ्याची जाळी आहेत, वटवाघळं आहेत, इंग्रजीत 'बू' तीन ठिकाणी आहे. पण एकाही पानावर माणसाचं नाव नाही, तारीख नाही, आणि कुणाचं अक्षर नाही. ती पिवळ्या रेनकोटातली दुसरी मुलगी कोण? शेजारची? शाळेतली? आज तुला ठाऊक आहे, म्हणून लिहावंसं वाटत नाही. अजून दहा वर्षांनी तुझ्याही लक्षात राहणार नाही, आणि लेकीच्या तर नाहीच नाही. एवढा खर्च केलास आणि मुख्य गोष्ट तेवढी ठेवलीस बाजूला, याचा मला राग नाही पण वाईट वाटतं.

माझं सांगते. १९९९ साली माझे वडील मिरजेहून न्यू जर्सीत आमच्याकडे आले होते. एस.टी.त तिकीटखिडकीवर सगळी नोकरी झाली, त्यामुळे आलं-गेलं लिहून ठेवायची सवय. त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रविवारी आला होता आणि त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेली होती. पाचलाच अंधार झाला. बाबा स्वेटर चढवून दाराशी खुर्ची टाकून बसले, मांडीवर चॉकलेटांचं पातेलं, हातात बॉलपेन आणि बँकेच्या पत्राचं रिकामं पाकीट. मी मुलाला घेऊन गल्लीत फिरत होते. परत आले तर पाकिटाच्या पाठीवर हे लिहिलेलं:

"रविवार, ता. ३१. आज घड्याळ एक तास मागे. थंडी बेताची. एकूण मुले ४१. पैकी भुते ९, चेटकिणी ७, राजकन्या ६, वाघ २, अंतराळवीर १, ओळख न पटलेली १६. एक मुलगी दोनदा आली. दुसऱ्यांदाही दिले."

त्या वर्षीच्या चिकटवहीत मीही तुझ्यासारखीच दोन दिवस खपून सहा पानं सजवली होती. माझा मुलगा आज तिशीत आहे. घरी आला की वही काढतो आणि थेट पाकिटाचं पान उघडतो. बाबांचा 'ळ' कसा वळतो ते त्याच्या बायकोला दाखवतो. तिला मराठी येत नाही, पण 'ओळख न पटलेली १६' हे तिला त्यानं इतक्यांदा समजावलंय की आता तीच पाहुण्यांना सांगते. बाबा २००८ साली गेले. त्यांच्या हातचं आमच्या घरात जे काही आहे त्यात हे पाकीट आहे.

तेव्हा आता नीट ऐक. बारा बाय बारा इंचांच्या पानावर चार बाय सहाचे चार फोटो लावलेस तर चार इंचांचा एक पट्टा रिकामा उरतो. तो स्टिकरांनी भरायचा नाही, तो लिहिण्यासाठी आहे. फोटो तीनच लावलेस तर आणखी बरं. लिहायचं काय? 'खूप मजा आली' हे नको, ते कुठल्याही पानावर चालतं. कोण कोण होतं ते नावानिशी लिही. पोशाख कुणी शिवला, कितीला आणला. लेक कुठल्या घराला घाबरली. कुणाच्या दारात काय मिळालं आणि तिनं त्यातलं तुझ्याशी कशाच्या बदल्यात काय बदलून घेतलं. चार ओळी झाल्या तरी पुष्कळ. आणि मराठीत लिही. लेकीला वाचता येत नसेल तर तिच्या दोन ओळी इंग्रजीत, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात, शेजारी असू देत. तिचं नऊ वर्षांचं अक्षर पुन्हा मिळणार नाही. 'अक्षर चांगलं नाही माझं' असं तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, ती सबब मी ऐकणार नाही.

काळ्या कागदावर कशानं लिहायचं, हा तुझा दुसरा प्रश्न यातच येतो. पांढरं जेल पेन चालतं. ते न उमटलं तर फिकट कागदाची पट्टी कापून तिच्यावर काळ्या पिगमेंट शाईच्या, म्हणजे सहसा न विटणाऱ्या शाईच्या, पेनानं लिही आणि पट्टी चिकटव. मला पट्टीच आवडते, चुकली तर दुसरी कापता येते. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नकोस, पुढच्या बाजूला वळ उठतात.

कागद मात्र पारखून घे. वहीसाठी 'ॲसिड-फ्री' आणि 'लिग्निन-फ्री' लिहिलेलाच कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घे. लिग्निन म्हणजे लाकडातला तो भाग, ज्याच्यामुळे वर्तमानपत्राचं कात्रण उन्हात पिवळं पडतं. आपल्या प्रत्येकाच्या माहेरी दहावीच्या निकालाचं तसलं एखादं कात्रण असेलच. मी बाबांचं पाकीट साध्या सेलोटेपनं चिकटवलं होतं. दहा वर्षांत टेप मधाच्या रंगाची झाली आणि शेजारच्या फोटोच्या कडेला डाग पडला. आता मूळ पाकीट पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या पारदर्शक खिशात आहे आणि चांगल्या कागदावरची त्याची प्रत पानावर. पीव्हीसी प्लास्टिकचे खिसे घेऊ नकोस. जुन्या पद्धतीचे, पान उचललं की चिकट रेघा दिसतात तसले अल्बम तर मुळीच नकोत. माझ्या धाकट्याच्या मुंजीचे फोटो त्यातून आजतागायत सुटलेले नाहीत.

"नवरा म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, ऑनलाइन फोटोबुक छापून घे." छापून घेऊ दे ना. आजी-आजोबांना पुण्याला पाठवायला बरं पडेल. त्यानं चिकटवहीचं काम भागत नाही, एवढं त्याला माझ्या नावानं सांग.

सजावटीचं विचारलंयस, "भाड्याचं अपार्टमेंट आहे, खिळा ठोकता येत नाही, आणि ते प्लास्टिकचे सांगाडे मला नकोत." नकोच. केशरी कार्डस्टॉकच्या एक इंच रुंद, बारा इंच लांब आठ पट्ट्या काप. सगळ्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना भोक पाड आणि दोन्हीकडे पाय फाकणारी ती पितळी पिन घाल. गठ्ठा धनुष्यासारखा वाकव, मग पट्ट्या एकेक करून गोल फिरवत पसर. साधारण साडेसात इंचांचा भोपळा होतो. हिरव्या कागदाची बारीक पट्टी पेन्सिलीला गुंडाळून सोडली की वेल. वटवाघळांसाठी काळा कागद दुमडून अर्धंच वटवाघूळ काढ आणि काप, पंखांना हलकी घडी दे, रंगाऱ्यांच्या निळ्या टेपची वळकटी मागे लावून दारापासून छताकडे उडतं ठेव. इथे शाळेत मिळतो तो स्वस्त रंगीत कागद चालेल, नोव्हेंबरात काढायचंच आहे. त्या कागदाला वहीत मात्र शिरकाव नाही.

आणि कंदील. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी केलाय तोच, कागद दुमडून घडीच्या बाजूनं चिरा द्यायच्या, कडेला एक इंच सोडायचा. केशरी कागदाचा कर, काळे डोळे चिकटव. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले, तेव्हा आमच्या नातीनं पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर कंदिलाला झिरमिळ्या लावल्या आणि संध्याकाळी त्याच्यावरच डोळे चिकटवले. आत बॅटरीचा दिवाच ठेव, कागदाजवळ पणती नको.

राहिल्या सासूबाई. "त्या म्हणतात, पितृपक्ष होऊन महिना नाही झाला आणि घरात भुतंखेतं कसली लावता?" त्यांना सांग, हा सणही परदेशी गेलेल्यांनीच बरोबर नेलेला आहे. आयर्लंडमध्ये सलगमचे कंद कोरून दिवे करायचे. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेत आली, त्यांना इथे भोपळा सापडला. गेलेल्या माणसांची आठवणही त्यात जवळच आहे, गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. बाकी समजूत घालत बसू नकोस. त्यांना काम दे. या ३१ तारखेला दाराशी खुर्ची ठेव, शाल दे, मांडीवर चॉकलेटांचं भांडं दे, आणि हातात फिकट कार्डस्टॉकचा तुकडा व पिगमेंट शाईचं पेन. कोण आलं, काय होऊन आलं, ते त्यांनी त्यांच्या भाषेत लिहावं. खाली सही आणि तारीख घ्यायला विसरू नकोस. शाई वाळायला थोडा वेळ दे, मगच तो तुकडा वहीच्या पारदर्शक खिशात सरकव.